बिनपायरीची मोरी

४ मार्च, सोमवार

आई पडली! म्हणजे तिच्या शब्दांत — "पडले नाही. टबात बसले. फक्त बसायचं ठरवलं नव्हतं." सत्त्याऐंशी वर्षांची बाई, आंघोळीच्या टबाच्या काठावरून पाय टाकताना घसरली. मोडलं काही नाही. कोपराला निळा डाग आहे म्हणते, तो मी अजून पाहिलेला नाही.

नवल हे, की तिने आपण होऊन फोन केला. ही बाई एरवी पाय तुटला तरी "मुंगी चावली" म्हणून सांगेल.

ग्वेन ऐकत होतीच. मी फोन ठेवायच्या आत म्हणाली, "मागच्या बाजूला एक खोली काढू. खोलीला लागून बाथरूम. आणि तुझ्या आईला इकडे आणू." मी परत फोन लावला, आईला सांगितलं, तर ती चक्क विचार करायला तयार! बायको आणि आई यांचं एका गोष्टीवर एकमत — लग्नापासून पहिल्यांदा. मला तर धडकीच भरली.

आईच्या अटी: टब नको. उंबरा नको. पायरी तर मुळीच नको, सरळ चालत शॉवरखाली जाता आलं पाहिजे. दार रुंद हवं. "आणि लिंडसे, रुंद म्हणजे खरंच रुंद. तुझ्या मनाएवढं नको."

७ मार्च, गुरुवार

खोली उभी करायला सुतार ठरला. सांडपाण्याचा नकाशा मात्र मी काढणार, असं जेवताना जाहीर केलं.

ग्वेन चहा ओतता ओतता थांबली. "तू?"

"का? मी का नको?"

"काढ की. तेवढाच टीव्हीसमोरून उठशील."

इथे परवाना नसलेल्याने सांडपाण्याच्या पाइपाला हात लावणं म्हणजे गुन्हा. पण कागदाला हात लावायला कुठे बंदी आहे? आणि कागद म्हणजे माझा प्रांत! जन्मभर पाट्या रंगवल्या. आमच्या अरारत गावाच्या मुख्य रस्त्यावर खाटीक, न्हावी, दोन्ही पब, बेकरी — सगळ्यांची अक्षरं माझ्या हातची. पट्टी न लावता अशी रेघ ओढायचो की लोक पाव घ्यायला निघालेले उभे राहायचे.

आज रेघ नागमोडी आली. पेन्सिल स्वस्तातली आहे.

१६ मार्च, शनिवार

लायब्ररीतून पुस्तक आणलं. इतकी वर्षं भांडी घासली, तोंड धुतलं, पण पाणी पुढे जातं कुठे याचा कधी विचारच केला नव्हता! पाण्याला उतार लागतो. कमी दिला तर सगळं जागच्या जागी बसतं. जास्त दिला तर पाणी एकटंच पळून जातं आणि मैला मागे राहतो. वाचताना दोन नातेवाईक डोळ्यांसमोर आले.

शिवाय बाहेर अंगणात एक जाळी ठेवायची, ती आतल्या मोरीपेक्षा खाली. म्हणजे पुढे कधी लाइन तुंबलीच, तर घाण अंगणात उसळते, घरात नाही. किती साधी गोष्ट! ही ग्वेनला सॉसेज खाताना समजावून सांगितली. घन आणि द्रव असे दोन भाग करून.

"लिंडसे, मी जेवतेय," ती म्हणाली. कलेची कदर नाही.

नकाशा नंबर एक तयार. त्यात संडास खिडकीत गेलाय.

२१ मार्च, गुरुवार

केल्विन प्लंबर आला! "गुरुवारी येतो" म्हणाला होता, कुठल्या ते बोलला नव्हता. एका हातात मटण-पाय (खिमा भरलेली गोल पेस्ट्री), दुसऱ्या हाताने पट्ट्याला धरलेलं कुत्रं, आणि तोंड अखंड चालू. या गावात कोणाचं काय तुंबलंय हे त्याच्याकडून कळतं, न विचारता.

अंगणातल्या जुन्या चेंबरचं झाकण त्याने पहारीने उचललं आणि चार पावलं मागे झाला. ग्वेन घरात पळाली. कुत्र्याने कुंपण गाठलं. मी मात्र वाकून आत बघत राहिलो, अगदी नाक घालून.

"मानलं तुला, दोस्ता!" केल्विन शर्टाच्या बाहीने नाक दाबून म्हणाला. "या धंद्यात माझी हयात गेली, मला अजून मळमळतं. तू तर गुलाबाच्या ताटव्यात उभा राहिल्यासारखा!"

मला काय वाटलं सांगू? अभिमान! उगाच रंगाच्या डब्यांत आयुष्य घालवलं. माझा जन्म गटारासाठीच होता. ग्वेनने खिडकीतून ओरडून विचारलं, "तुला खरंच वास येत नाहीये?" म्हटलं, "येतोय, पण मी भाव देत नाही!"

खरं तर काहीच आला नाही. टर्पेंटाइनने नाक पक्कं झालंय.

पुढचं काही हसण्यासारखं नाही. केल्विनने लाइनीत कॅमेरा सोडला. छोट्या पडद्यावर पाइप, पाइप, पाइप — आणि मग एकदम दाढी! मुळं. जुन्या मातीच्या पाइपाच्या सांध्यांतून आत शिरलेली, ही जाड. आम्ही दोघांनी एकदमच मान वर करून पाहिलं. वर लिंबोणी.

ही लिंबोणी बाबांनी लावलेली. मी लहान असताना संडास तिथे कोपऱ्यात होता, पत्र्याचा. गावात मैलापाण्याची लाइन आली, संडास घरात आला, बाबांनी पत्रे पाडले आणि त्याच जागी रोप लावलं. तेव्हापासून इथल्या रीतीप्रमाणे घरातला प्रत्येक पुरुष, आणि दोन बिअर झालेला प्रत्येक पाहुणा, त्या झाडाला जातीने पाणी घालत आलाय. लिंबं अशी की मुठीत मावत नाहीत. शेजारीण विचारते, खत कोणतं घालता? आम्ही विषय बदलतो.

केल्विनचं म्हणणं असं. लाइन सरळ न्यायची तर लिंबोणीखालून, जुने पाइप काढून नवे घालायचे, म्हणजे झाड गेलं. झाड वाचवायचं तर वळसा. वळसा म्हटला की वाट लांब, वाट लांब म्हणजे उतार पुरवायला सुरुवात उंच, आणि सुरुवात उंच म्हणजे बाथरूमची जमीन उंच. दारात पायरी.

"केवढी?"

त्याने बोटं धरून दाखवली. "बिअरचा डबा आडवा ठेवला तर तेवढी."

२४ मार्च, रविवार

नकाशा नंबर दोन, तीन, चार. झाड राहतं तर पायरी येते. पायरी जाते तर झाड जातं.

२ एप्रिल, मंगळवार

आईकडे गेलो, नकाशा नंबर पाच घेऊन. त्यात पायरी आहे, पण मी ती फार गोड काढलीय. तिला कडेने नक्षीही दिलीय.

बाबा गेल्यावर आईने हे घर आम्हाला दिलं आणि ती बोलिंग क्लबच्या मागच्या छोट्या घरात राहायला गेली, हिरवळीवर गोळे टाकायला दर बुधवारी चालत जाता यावं म्हणून. तर मी पोहोचलो तेव्हा ती बाजारातून येत होती. हातात पिशवी. दारापुढच्या तीन पायऱ्या माझ्या आधी चढली!

"आई, तू तर कांगारूसारखी चढतेस!"

"कांगारू म्हातारी होत नाहीत. त्याआधीच ट्रकखाली जातात. चल आत."

चष्मा लावून तिने नकाशा जवळ घेतला. पायरी राहिली बाजूलाच. म्हणाली, "हे अक्षर कोणाचं?"

"माझं."

"एवढं बारीक? मुंग्यांची रांग निघाल्यासारखं?"

"कागद वाचवतोय."

माझ्याकडे बघत बसली. मला वाटलं, नकाशावर खूश झालीय. मग घडी घालून कागद माझ्या हातात दिला. "पायरी नको म्हटलं होतं."

"आई, जमीनच तशी आहे, त्याला मी काय करू?"

"मग जमिनीला समजाव."

लिंबोणीचं मी बोललोच नाही. बोलवेना. बाबांचं असं काय उरलंय त्या घरात? एक फावडं आणि ते झाड.

१२ एप्रिल, शुक्रवार

नकाशा नंबर सात. पायरीऐवजी उतरण. ग्वेन म्हणाली, "ही चढून जाता जाता तुझी आई नव्वदीला पोचेल."

२१ एप्रिल, ईस्टरचा रविवार

आई जेवायला आली आणि सगळं बाहेर पडलं. मी मटणाचे काप करत होतो. जाड होत होते — सुरी बोथट. ग्वेनच आईकडे वळून बोलून गेली. "थेल्मा, पायरी टाळायची तर लिंबोणी तोडावी लागेल, म्हणून हा अडून बसलाय."

"मग तोडा," आई म्हणाली. बटाटा वाढून घे म्हणावं, तशी!

माझं डोकं फिरलं. "बाबांनी लावलेलं झाड आहे ते!"

"मला सांगतोस? रोप मीच धरलं होतं. तो नुसता खणत होता आणि शिव्या देत होता."

"एवढ्याशा पायरीसाठी? तू दर बुधवारी वाकून गोळे टाकतेस! घरी तीन पायऱ्या चढतेस! आणि इथे डबाभर उंची तुला जड होते?"

तिने काटा खाली ठेवला. "तुझ्या बापाला शेवटची वर्षं मी याच घरातल्या टबात आंघोळ घातली. 'पाय उचल, वर्न,' म्हणायचे. त्याला कळायचं. पण पाय उचललाच जायचा नाही, खिळा मारल्यासारखा. तो काठ केवढा होता? मांडीएवढाही नव्हता. पायरी किती लहान आणि किती मोठी, ते तू मला शिकवू नकोस."

ग्वेनने पुदिन्याची चटणी पुढे केली. मी ग्रेव्हीचं भांडं उचललं आणि अर्धी टेबलक्लॉथवर! हात कापत होता. संतापाने, दुसरं काय?

आईने ते पाहिलं. नॅपकिन घेऊन माझ्या हाताखालचं पुसलं आणि म्हणाली, "मी मेल्यावर काय वाटेल ते लाव त्या अंगणात. पायरी नको."

२५ एप्रिल, गुरुवार

अबोला. मीही बोलत नाही, तीही बोलत नाही. फरक इतकाच की तिला ते जमतं.

संध्याकाळी ग्वेन तिच्याकडून डबा घेऊन आली — अँझॅक दिनाची, म्हणजे आजच्या सैनिक-स्मरणदिनाची बिस्किटं, ओट आणि नारळाची. माझ्यासाठी काही निरोप? नाही. बिस्किटं खाल्ली. सगळी. बिस्किटांशी माझं भांडण नाही.

९ मे, गुरुवार

मी चरात पडलो.

पाइपाला हात लावायचा नसला तरी खणायला मोकळीक आहे, म्हणून वळशाच्या बाजूने जरा खणून बघत होतो. लिंबोणीला वाचवायचा शेवटचा प्रयत्न. चर पार करायला डावा पाय टाकला, उजवा मागेच राहिला! पुढे यायचंय हे त्याला कोणी कळवलंच नसावं. धाडकन आत. केल्विनचं कुत्रं काठावर येऊन बघून गेलं.

केल्विनने वर ओढलं. "दोस्ता, पाइप टाकायचाय, तुला नाही!"

ग्वेन हसली नाही. चिखल पुसता पुसता म्हणाली, "डॉक्टरला दाखव."

"काय सांगू त्याला? चरात पडतो म्हणून? तो म्हणेल, चर बुजवा!"

"हातही हलत नाही तुझा हल्ली चालताना. उजवा. नुसता लोंबतो."

"निवृत्त झालाय तो."

ती उठून गेली. या घरात विनोदाला दिवस वाईट आलेत.

पण तिथे खाली पडल्या पडल्या मला एक कळलं. ते घोट्याएवढंच खणलेलं होतं, आणि मी चौसष्ट वर्षांचा धडधाकट बाप्या तेवढ्यावरून आडवा! मग आईचं काय होणार? ती एकटी असताना? ओल्या फरशीवर? खांदा दुखत होता, आणि मला खूप लाज वाटली. म्हातारीशी मी झाडासाठी भांडलो.

फोन केला. "आई, झाड जाईल. पायरी येणार नाही."

"बरं," ती म्हणाली. आणि मग, "लागलं का रे फार?" ग्वेनने आधीच कळवलं होतं तर! दोघींची टेलिफोन लाइन कधी तुंबत नाही.

२३ मे, गुरुवार

लिंबोणी गेली.

आई सकाळीच टोपली घेऊन हजर. आधी सगळी लिंबं उतरवायची, मगच करवत. मी शिडीवर चढायला निघालो तर दोघी एकदम ओरडल्या. शेवटी केल्विन चढला. मी खाली टोपली धरून, फळवालीसारखा.

करवत सुरू झाली. फांद्या पडल्या, मग बुंधा. कुंपणापलीकडून शेजारीण म्हणाली, "अगंबाई, काय वास सुटलाय! सगळी गल्ली भरली!" ग्वेनने डोळे मिटून श्वास घेतला. आई तर हातात एक ढलपी घेऊन उभीच राहिली.

मीही ढलपी उचलली. ओली, पिवळसर, ताजी. नाकाशी धरली. काही नाही. एक पान चुरगाळलं. पुन्हा एक. मुठीत लगदा झाला पानांचा, नाक खुपसलं त्यात. काही नाही!

गटाराचा वास येत नाही याची मी फुशारकी मारली होती. पण हा? या वासात मी लहानाचा मोठा झालो. बाबांच्या हातांना हाच वास असायचा. मला भडभडून आलं, तिथेच, केल्विनसमोर. झाडासाठी वाईट वाटतंय असं सांगितलं. तेही खोटं नव्हतं.

आई जवळ आली. "येतोय वास?"

"सर्दी झालीय."

"वर्नलाही झाली होती," ती म्हणाली. "कितीतरी वर्षं." आणि टोपली उचलून स्वयंपाकघरात गेली, पावाला लावायचं लिंबाचं गोड लेमन बटर करायला.

बाबांना सर्दी? मला तर काही आठवत नाही.

६ जून, गुरुवार

पाइप पडले! सरळ, लिंबोणीच्या खड्ड्यातून, नव्या पांढऱ्या पाइपांची लाइन. तपासायला बाई आल्या होत्या. त्यांनी पाणी भरून पाहिलं, उतार पाहिला, जाळी पाहिली, सही केली. "छान काम," म्हणाल्या.

मी विनयाने सांगितलं की नकाशा माझा. केल्विन खोकला. नंतर त्याच्या गाडीत नकाशा नंबर अकरा सापडला. त्यावर मटण-पायचा तेलकट गोल होता, बरोबर शॉवरच्या जागी.

"वाचलास तरी का?"

"प्रयत्न केला, दोस्ता. भिंग नव्हतं."

२० जून, गुरुवार

आज माझा उपयोग खुंटीसारखा झाला. आई नव्या बाथरूममध्ये आली. भिंतींचा नुसता सांगाडा आहे, फरशी अजून नाही. म्हणाली, "तिथे उभा राहा. शॉवरखाली. हात सैल सोड. आता पडतोयस असं समज आणि हात टाक."

"काय?"

"टाक!"

टाकला. तिने पटकन पेन्सिलीने लाकडावर खूण केली. "केल्विन, आधाराची दांडी इथे. आणि इकडे बसायच्या जागेजवळ एक — बस रे खोक्यावर — हं, उठताना हात जातो तिथे."

मी म्हटलं, "आई, तू माझ्या खांद्याला लागत नाहीस! ही दांडी तुझ्या कानाशी येईल! धरणार कशी, दातांनी?"

"मी अजून वाढतेय."

केल्विन जोरात हसेल असं वाटलं. हसला नाही. टेप घेऊन गपचूप माप लिहून घेतलं. त्याला तोंड बंद ठेवताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

तिच्या डोक्यात काहीतरी बिघडलंय का? ग्वेनला विचारलं. ती म्हणाली, "तुझ्या आईच्या डोक्यात काहीही बिघडलेलं नाही," आणि माझ्या गालाचा मुका घेतला. भर दुपारी!

४ जुलै, गुरुवार

झालं! फरशी बसली. पांढरी, खरखरीत, पाय न घसरणारी. खोलीतून बाथरूममध्ये जाताना जमीन बदलते तेसुद्धा पायाला कळत नाही.

बादलीभर पाणी ओतलं. उभा राहून पाहिलं. आधी पसरलं, मग विचार केल्यासारखं थांबलं, आणि मग सगळं एका दिशेने निघालं, जाळीकडे. गेलं! थेंब राहिला नाही. मी एकटाच टाळ्या वाजवत होतो. पुन्हा बादली. सहा बादल्या ओतल्या. ग्वेन दारात येऊन म्हणाली, "मूल झालंय का तुला?"

आईला फोन केला. कधी येतेस? म्हणाली, बघू. पुढच्या आठवड्यात बोलिंगची फायनल आहे.

२१ जुलै, रविवार

मी इतका चिडलोय की हे नीट लिहिताही येत नाहीये. अक्षर तर काय, मुंग्यासुद्धा लाजतील.

आई आली, लेमन बटरची बरणी घेऊन. बाथरूम पाहिलं. दार उघडलं, मिटलं. दांडीला लोंबकळून पाहिलं — खरंच, टाचा उचलून! "पक्की आहे," म्हणाली. मग चहा प्यायली आणि सांगते काय, तर ती येणार नाही!

"म्हणजे? आज?"

"आज नाही, उद्या नाही. माझं घर चांगलं आहे. क्लब जवळ आहे."

"आणि टबात पडलीस ते?"

"पडले कुठे? बसले होते. मी तेव्हाही तेच सांगितलं."

"ठरवलं नव्हतं म्हणालीस!"

"ते थोडं खोटं होतं."

मी ओरडलो. आईवर ओरडलो मी! साडेचार महिने त्या मोरीत घातले, रेघा मारून मारून पागल झालो, चरात पडलो, बाबांचं झाड तुझ्या हट्टापायी तोडलं, आणि तुला यायचंच नव्हतं? मग हे केलं कोणासाठी?

ग्वेन सिंकपाशी पाठ करून उभी होती, एकच कप धूत.

आई म्हणाली, "ओरडून झालं? आता ऐक. ग्वेनने बुधवारची डॉक्टरची वेळ घेतलीय. तू जाऊन ये. ते पुढे बॅलारॅटला मोठ्या डॉक्टरकडे पाठवतील, तिथेही जा. आणि मग तुला वाटलंच की मी राहायला यावं, तर येईन. शब्द देते."

"मला काय झालंय?"

"ते डॉक्टर सांगतील."

"आणि काही नाही झालं तर?"

"तर मी या अंगणात तुझ्यासाठी स्वतःच्या हाताने लिंबोणी लावीन, आणि तुझी माफी मागेन, ग्वेनसमोर."

आईची माफी! ती ऐकायला मी बॅलारॅटच काय, सिडनीपर्यंत जाईन. बुधवारी जाणार. बघतोच.

१ ऑगस्ट, गुरुवार

बॅलारॅटहून आत्ता आलो. गाडी ग्वेनने चालवली.

पार्किन्सन. बाबांचं तेच. डॉक्टरबाई म्हणाल्या, नाक खूप आधी जातं. मग अक्षर बारीक होतं. मग हात, मग पाय. पुष्कळ वर्षं चांगली जातात म्हणाल्या, औषधं आहेत. मला नीट ऐकू येत नव्हतं. डोळ्यांपुढे एकसारखी लिंबोणी येत होती.

आईला फोन केला. ती म्हणाली, "ख्रिसमसला ओव्हनमध्ये पुडिंग जळत होतं आणि तू शेजारी बसून पेपर वाचत होतास. तेव्हाच कळलं. ग्वेनलाही तेव्हाच सांगितलं." मग म्हणाली, "स्वतःसाठी तू नळाचा वॉशरही बदलला नसतास, लिंडसे."

मला रडू फुटलं. तीही रडत होती. आईला रडताना मी बाबा गेले तेव्हाही ऐकलं नव्हतं. शेवटी मी म्हटलं, आई, ये राहायला. म्हणाली, रविवारी येते, लिंबाचं रोप घेऊन, ते पाइपापासून लांब लावू.

मग कपडे काढून नव्या बाथरूममध्ये गेलो. डोळे मिटून पडल्यासारखा हात टाकला. दांडी बरोबर हाताखाली आली.